भिंतीतली जुनी जीआय लाइन गळतेय, पॅच मारू की सगळीच बदलू?

डोंबिवली पूर्वेहून एका ताईंनी पत्र पाठवलंय. मोठं आहे, म्हणून मुद्द्यापुरतं इथे देतो.

"आमची बिल्डिंग 1989 ची, चार मजली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला गेलं वर्षभर ओल आहे, आता पोपडे पडायला लागलेत. आमच्याकडे सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं आणि शॉवरला प्रेशर जवळजवळ नाहीच. प्लंबरने गीझरखाली दोन ठिकाणी टाइल फोडून तुकडा बदलून दिला, पण ओल थांबली नाही. आता तो म्हणतो सगळी लाइन बदला. दीर म्हणतात लाइनला काही झालेलं नाही, वरून वॉटरप्रूफिंगचं केमिकल ओता. सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा. काकूंशी वीस वर्षांचे संबंध आहेत, पण आता जिन्यात भेटल्या की त्या तोंड फिरवतात. घरात सासूबाई 78 वर्षांच्या, पाणी बंद ठेवायचं तरी किती दिवस? काय करू?"

ताई, तुमचा प्लंबर बहुतेक बरोबर आहे, पण त्याने ते सिद्ध केलेलं नाहीये, आणि सिद्ध झाल्याशिवाय एकही टाइल फोडू देऊ नका. दोन ठिकाणी फोडून झालंय ना, तिसऱ्या ठिकाणी अंदाजाने नको. बाथरूममधून खाली पाणी उतरायला तीन वाटा असतात: एक नळाची सप्लाय लाइन, दुसरी ड्रेनेज म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं भांडं, ज्यातून सांडपाणी जातं) आणि त्याचा पाइप, आणि तिसरी फरशीचे जॉइंट आणि त्याखालचं वॉटरप्रूफिंग. तिन्हींचा उपाय वेगळा, खर्च वेगळा, आणि गंमत नाही, खरंच सांगतो, बऱ्याच घरांत चुकीच्या गोष्टीवर पैसे जातात कारण हे तीन कोणी वेगळे करूनच बघत नाही.

तर आधी हे करा. एक पूर्ण दिवस ते बाथरूम अजिबात वापरू नका, एक थेंबही सांडू नका, फक्त लाइन चालू ठेवा म्हणजे पाइपात पाणी भरलेलं राहील. काकूंना सांगा की छताला जिथे ओल आहे तिथे एक टिश्यू किंवा वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून ठेवा आणि दर काही तासांनी बघा. बाथरूम कोरडं असूनही तिथे ताजं पाणी येत राहिलं तर बहुतेक सप्लाय लाइनच गळतेय. मग दुसऱ्या दिवशी उलटं करा, तुमच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करा, वेगळा व्हॉल्व्ह नसेल तर सोसायटीला सांगून गच्चीवरून तुमच्या डाऊनटेकचा (टाकीतून खाली येणाऱ्या उभ्या पाइपाचा) व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करून घ्या, आणि बाहेरून बादलीने पाणी आणून नहाणी ट्रॅपमध्ये ओता, त्यात खायचा लाल रंग मिसळून. खाली लालसर डाग आला तर ट्रॅप किंवा त्याचा जॉइंट. रंग यायला कधी कधी दिवस दोन दिवस लागतात म्हणून लगेच "काही नाही आलं" म्हणू नका. आणि दोन्ही टेस्ट कोरड्या गेल्या, पण रोज आंघोळी झाल्या की दोन तीन दिवसांनी ओल वाढते असं दिसलं तर फरशीचे जॉइंट. तुमच्या दिरांचं केमिकल फक्त या तिसऱ्या वेळी कामाचं. भिंतीतल्या पाइपाला भोक पडलं असेल तर वरून कितीही ओता, पाणी आतूनच येतंय, त्याला काय फरक पडणार.

अजून एक विचारा काकूंना, पाणी टपकतं ते चोवीस तास की ठरावीक वेळी? बऱ्याच सोसायट्यांत सकाळ-संध्याकाळच पाणी सोडतात. ओल त्या वेळेबरोबर वाढत असेल तर ती पण सप्लाय लाइनचीच खूण.

आता मला सप्लाय लाइनच का वाटते ते सांगतो. 1989 ची बिल्डिंग म्हणजे जीआय पाइप, लोखंडी पाइप आणि त्यावर जस्ताचा थर. हा थर आतून हळूहळू झिजतो आणि मग लोखंड उघडं पडतं. पाइप कायम पाण्याने भरलेला असेल तर गंज तसा सावकाश धरतो, पण आपल्याकडे दिवसातून दोनदा पाणी येतं आणि मधल्या वेळात पाइप अर्धा रिकामा होतो, आत हवा शिरते, ओल आणि हवा दोन्ही मिळाली की लोखंड खाल्लंच जाणार. सकाळचं तांबूस पाणी म्हणजे रात्रभर पाइपात साठलेला हाच गंज. प्रेशर गेलंय तेही त्यामुळेच, आतमध्ये गंजाच्या आणि क्षाराच्या गाठी धरतात, अर्ध्या इंची पाइपात शेवटी पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. कापलेला जुना तुकडा प्लंबरकडे असेल तर मागून घ्या आणि घरच्यांना दाखवा, दिरांना तर नक्की दाखवा, तो तुकडा बघितल्यावर वाद फारसा उरत नाही.

आणि म्हणूनच पॅचचा उपयोग होत नाहीये. सगळा पाइप एकाच वर्षी बसलेला, एकाच पाण्यावर चाललेला, म्हणजे सगळीकडे साधारण सारखाच झिजलेला. एका ठिकाणी नवा तुकडा टाकताना पान्ह्याने पाइप पिळावा लागतो, आट्या (स्क्रूसारख्या खाचा) जिथे कापलेल्या असतात तिथे जाडी आधीच कमी असते, त्या हिसक्याने शेजारचा जॉइंट सैल होतो किंवा तडकतो. दोन ठिकाणी दुरुस्ती करूनही ओल थांबली नाही याचं कारण बहुतेक हेच. प्लंबर वाईट आहे असं मी म्हणणार नाही, गंजलेल्या लाइनवर तुकडा टाकायला सांगितलं की असंच होतं.

उघड्या पाइपाची गोष्ट वेगळी. म्हणजे डक्टमधला (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेतला) किंवा सिंकखालचा पाइप गळतोय, रविवार आहे, प्लंबर मिळत नाही, तेव्हा पाणी बंद करून पाइप कोरडा पुसून, पॉलिश पेपरने गंज घासून एमसील लावा किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वरून क्लॅम्प आवळा, काही दिवस नक्की निघतात. ओल्या पाइपावर एमसील धरत नाही, तेवढं कोरडं करणं महत्त्वाचं. पण हे भिंतीच्या आत करून वर टाइल लावणं म्हणजे खर्च पुढे ढकलणं.

एक काळजीची गोष्ट, जी कोणी सांगत नाही. गळक्या लाइनमधून पाणी फक्त बाहेर जातं असं नाही. सोसायटीने पाणी बंद केलं आणि खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला की वरच्या पाइपातलं पाणी खाली ओढलं जातं आणि त्या भोकातून भिंतीतलं घाण पाणी आत शोषलं जाऊ शकतं. सासूबाई घरात आहेत, म्हणून लाइन बदलेपर्यंत त्या बाथरूमच्या नळाचं पाणी तोंड धुवायला, गुळण्यांना वापरू नका, किचनची लाइन वेगळी असेल तर तिथलं घ्या आणि पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

बरं, टेस्टमध्ये सप्लाय लाइन निघाली असं धरून पुढे बोलतो.

सगळी लाइन बदला, म्हणजे डाऊनटेकमधून तुमच्या घरात पाणी जिथे शिरतं त्या टी (तीन तोंडांच्या जोडा) पासून शेवटच्या नळापर्यंत. अर्धी जुनी अर्धी नवी असं ठेवू नका. पण जुन्या रस्त्यानेच नवा पाइप नेऊ नका, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. जुन्या बिल्डिंगांमध्ये मेन लाइन बहुतेक फरशीच्या जरा वर किंवा फरशीच्या आतून फिरवलेली असते, ती उकरायला गेलं की खालचं वॉटरप्रूफिंग तुटतं आणि एक गळती थांबवून दुसरी सुरू होते. त्याऐवजी मेन लाइन वर घ्या, माळ्याच्या उंचीवर, टाइल संपतात त्याच्या वरून, उघडी, क्लॅम्पवर. तिथून प्रत्येक नळाला सरळ खाली भिंतीत एक एक झिरी (खाच) मारून पाइप उतरवा. आडव्या झिऱ्या जवळजवळ नाहीतच, टाइल कमी फुटतात, फरशीला हात लागत नाही, आणि पुढे कधी मेनला काही झालं तर ते डोळ्याला दिसेल, काकूंच्या छतावरून कळायची वेळ येणार नाही. दिसायला बरं दिसत नाही वाटलं तर पीव्हीसीच्या पट्ट्यांचं बॉक्सिंग करून घ्या, उघडता येईल असं. जुना पाइप भिंतीतून उपटून काढायची गरज नाही, तो तिथेच राहू दे, फक्त मेनच्या बाजूने तो टी मधूनच तोडून प्लग करा. नुसता व्हॉल्व्ह बंद ठेवून सोडला तर तो व्हॉल्व्ह एक दिवस पास होणार, म्हणजे बंद असूनही पाणी सोडणार, आणि मेलेली लाइन परत गळायला लागणार.

पाइप कोणता? सीपीव्हीसी घ्या, तो प्लास्टिकचा, क्रीम रंगाचा येतो. गरम पाण्याला चालतो, 93 अंशापर्यंत त्याचं रेटिंग असतं, गंज नाही, आणि डोंबिवलीत कुठल्याही प्लंबरला त्याचं काम येतं. पाइपावर आयएस 15778 (त्याचं भारतीय मानक) छापलेलं बघून घ्या. साधा पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला, गीझरच्या पुढे तो अजिबात नको, मऊ पडतो. पीपीआर म्हणजे तो हिरवा पाइप, तोही उत्तम आहे, मशीनने 260 अंशाला तापवून दोन तुकडे एकजीव होतात, चिकटवायचं सोल्यूशन वगैरे लागत नाही, पण ते करणाराचा हात बसलेला हवा. जास्त तापवलं की वितळलेलं प्लास्टिक आत गोळा होऊन वाट अरुंद करतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. शिवाय चार फुटाच्या बाथरूममध्ये कोपऱ्यात ते मशीन फिरवणं अवघड. तुमचा प्लंबर पीपीआरचंच काम रोज करत असेल तर ठीक, नाहीतर सीपीव्हीसी.

साइजबद्दल मात्र कटाक्षाने लक्ष द्या, कारण तुमची प्रेशरची तक्रार आहे. अर्ध्या इंची जीआय पाइप नवा असताना आतून साधारण 16 मिमी असतो. अर्ध्या इंची सीपीव्हीसी आतून साडेबारा मिमीच्या आसपास. नाव एकच, वाट वेगळी. चार मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर टाकीपासून तुम्हाला साधारण नऊ दहा मीटरची उंची मिळते, म्हणजे जेमतेम एक किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला), त्यात वाट कमी केली की लाइन नवी होऊनही शॉवर रडणारच. म्हणून मेन पाऊण इंची घ्या, त्याची आतली वाट साधारण 18 मिमी आहे, आणि फक्त नळाला उतरणारा शेवटचा तुकडा अर्ध्या इंची. गीझरचं इनलेट-आउटलेट अर्ध्या इंचीच असतं, ते तसंच. एल्बो जितके कमी तितकं बरं, प्रत्येक वळणाला थोडं प्रेशर जातं.

जिथे आट्या आहेत, म्हणजे नळ, अँगल कॉक, शॉवर आणि गीझरची कनेक्शन, तिथे आत पितळेची चूडी असलेली फिटिंग घ्या. प्लास्टिकच्या आटीत पितळी नळ आवळला की आज ना उद्या ती तडकते, आणि ती भिंतीच्या आत असते. यात दीड-दोनशे रुपये वाचवून काही मिळत नाही. जुन्या पद्धतीने सूत आणि सफेदा लावायचा हट्ट करतात काही जण, प्लास्टिकच्या फिटिंगला तो नको, टेफ्लॉन टेप पुरे, आणि फार आवळू नका.

सोल्यूशन सीपीव्हीसीचंच हवं, पीव्हीसीचा उरलेला डबा वापरताना दिसला तर थांबवा. पाइप कटरने सरळ कापायचा, आतली बाहेरची कड साफ करायची, दोन्हीकडे सोल्यूशन लावून पाव वेढा फिरवून आत दाबायचा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायचा, सोडला की तो जरासा मागे सरकतो. मग वाळू द्यायचा. डब्यावर वेळ लिहिलेली असते, पण मी म्हणतो एक रात्र जाऊ द्या. गरम लाइनला अजून एक गोष्ट, सीपीव्हीसी तापला की लांब होतो, तीन मीटरचा पाइप 40 अंशाने तापला तर सात आठ मिमी वाढतो, म्हणून माळ्यावरून जाणारी गरम लाइन दोन्ही टोकांना भिंतीत घट्ट चिणू नका, क्लॅम्प सैल सरकणारे ठेवा आणि कुठेतरी एक वळण द्या.

आता टेस्टिंग. झिऱ्या बुजवायच्या आधी सगळ्या पॉइंटला प्लग मारून, गीझर आणि नळ जोडायच्या आधी, हातपंपाने पाण्याचं प्रेशर द्यायचं. घरगुती लाइनला 10 किलोपर्यंत देतात. गेजचा काटा निदान तासभर हलता कामा नये, आणि तुम्ही स्वतः उभं राहून प्रत्येक जॉइंटवर कोरडा हात फिरवून बघा. "टाकीचं पाणी सोडून बघितलं, लीक नाही" याला टेस्ट म्हणत नाहीत, एक किलोवर जे गळत नाही ते सहा महिन्यांनी गळतं. हवा भरून टेस्ट करतो म्हणाला तर नको म्हणा, हवेच्या प्रेशरने प्लास्टिक पाइप फुटला तर तुकडे उडतात. टेस्ट झाली की प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मेजरिंग टेप धरून, म्हणजे पुढे कोणी खिळा ठोकायच्या आधी पाइप कुठे आहे ते कळेल. मग झिरीवर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावून सिमेंटने बुजवा, मग टाइल. जुन्या टाइल मॅच होणार नाहीत, शोधत बसू नका, नळांच्या उभ्या रेषेत वेगळ्या रंगाची पट्टी लावली तर मुद्दाम केल्यासारखी छान दिसते.

ताई, इथे एक मिनिट थांबून हे नीट वाचा. जुन्या घरांमध्ये अर्थिंगची वायर कधी कधी जीआय पाइपालाच बांधलेली असते. लोखंडी पाइप जाऊन प्लास्टिक आला की ती अर्थिंग संपली, आणि कोणाला कळतही नाही कारण गीझर चालूच राहतो. मग एखाद्या दिवशी गीझरचा एलिमेंट लीक झाला की करंट पाण्यातून अंगावर. म्हणून प्लंबरच्या कामाबरोबर इलेक्ट्रिशियनला बोलवा, गीझरच्या पॉइंटला वेगळी खरी अर्थिंग आहे का ते मोजून घ्या, आणि मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवा. आणि आतापासूनच, भिंत ओली असेपर्यंत, त्या बाथरूमचा गीझर बोर्डावरून बंदच ठेवा. सासूबाईंना आंघोळीला गरम पाणी गॅसवर तापवून द्या, थोडे दिवस त्रास होईल पण यात तडजोड नको.

खर्च कोणाचा? महाराष्ट्रात सोसायट्यांचे जे आदर्श उपविधी आहेत त्यात बाहेरच्या पाण्याच्या लाइन, टाक्या, पंप, ड्रेनेजच्या कॉमन लाइन सोसायटीच्या, आणि फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंक वगैरेच्या गळत्या सभासदाच्या. म्हणजे तुमच्या घरातली लाइन तुमची, सोसायटी त्यात चुकीचं बोलत नाहीये. पण डाऊनटेकचा टी किंवा डक्टमधला उभा पाइप गंजलेला निघाला तर तो सोसायटीचा आहे, तेव्हा डक्टचे फोटो जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि नवी लाइन जुन्या गंजक्या टी ला जोडायची वेळ आली तर तो टी त्याच दिवशी बदलायला लावा. त्यांना हेही विचारा की 30 वर्षांवरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, ते शेवटचं कधी झालं. वर्षभर मुरणारं पाणी स्लॅबमधल्या सळीपर्यंत पोचतं, पोपडे पडतात ते त्याचंच लक्षण असू शकतं. फोडायच्या आधी सोसायटीला लेखी कळवा आणि झिरी मारताना बीम किंवा कॉलमला हात लावायचा नाही हे प्लंबरला बजावून सांगा.

काकूंकडे आजच जा. फोनवर नको, जिन्यात उभ्या उभ्या नको, बसून बोला. टेस्टसाठी त्यांची मदत लागणारच आहे, तेच निमित्त. त्यांना सांगा की कारण शोधतोय, अमुक तारखेला काम सुरू करतोय आणि तुमच्या छताचं प्लास्टर आणि रंग आम्ही करून देऊ. वर्षभर आपल्या घरातलं पाणी त्यांच्या डोक्यावर पडतंय, तेवढं आपण करायलाच हवं असं मला वाटतं, नियम काय म्हणतो ते बाजूला. फक्त रंग लगेच लावू नका, गळती थांबली तरी स्लॅब वाळायला काही आठवडे जातात, ओल्यावर रंग लावला की परत फुगतो आणि त्यांना वाटेल गळती चालूच आहे. सैल प्लास्टर आधी पाडून घ्या, कारण ते डोक्यात पडू शकतं, आणि आतली सळी उघडी दिसली तर गंज घासून त्यावर ट्रीटमेंट केल्याशिवाय प्लास्टर नको.

पाण्याशिवाय किती दिवस? मेन वरून घेतली तर फार नाही. नवी लाइन पूर्ण तयार होऊन टेस्ट होईपर्यंत जुनी चालू ठेवता येते, हा वरून नेण्याचा अजून एक फायदा. जोडणीच्या दिवशी काही तास डाऊनटेक बंद लागेल, तो त्या लाइनवरच्या सगळ्या फ्लॅटचा बंद होतो, म्हणून आदल्या दिवशी जिन्यात नोटीस लावा आणि सगळ्यांना पाणी भरून ठेवायला सांगा. बाथरूम मात्र झिऱ्या, टेस्ट आणि टाइल धरून तीन चार दिवस तरी वापरता येणार नाही. दुसरं टॉयलेट नसेल तर सासूबाईंना तेवढे दिवस कोणाकडे तरी पाठवा, धूळ आणि हातोड्याचा आवाज त्यांना नको.

प्लंबरशी बोलताना पॉइंटचा (प्रत्येक नळाच्या जोडणीचा) रेट, मटेरियल आणि राडारोडा उचलण्याचे पैसे तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या, टाइल लावणारा मिस्त्री त्याचा की तुमचा तेही. मटेरियल शक्यतो स्वतः दुकानात जाऊन बिलावर घ्या. प्रत्येक बाथरूमला आणि किचनला एक एक बॉल व्हॉल्व्ह हात पोचेल अशा जागी बसवायला सांगा. पैसे तीन टप्प्यांत द्या, थोडे सुरुवातीला, मोठा भाग प्रेशर टेस्ट तुमच्यासमोर पास झाल्यावर, आणि शेवटचे बाथरूम आठ दिवस रोज वापरून काकूंच्या छताला नवीन ओल आली नाही हे बघितल्यावर. चांगला प्लंबर याला नाही म्हणत नाही.